तिसऱ्या कोपऱ्यावरचा गुडघा

मंगळवार, ४ मार्च

आज मला आकाश ठेंगणं झालंय. ह्यांना सांगून झालं. दुसऱ्यांदा सांगायला लागले तर म्हणाले, "ऐकलं मी, आता चहा दे." म्हणून ही वही काढली, हिला चहा लागत नाही.

हॉटेलच्या मोठ्या मॅडमनी आज खाली बोलावलं. मला वाटलं, चारशे सातमधल्या फुटलेल्या दिव्याबद्दल असणार. आत गेले तर मॅडम चक्क हसत होत्या. शेजारी एक तरुण बाई, केस बारीक कापलेले, मांडीवर पोहण्याच्या चष्म्याचा थोरला भाऊ म्हणावा असं काहीतरी काळं डबडं. मॅडमनी विचारलं, "मावशी, या हॉटेलात सगळ्यात चांगला पलंग कोण लावतं?" मी म्हटलं, "मी." उगाच लाजायला मला जमत नाही. सव्वीस वर्षं चौथा मजला माझ्याकडे आहे. रोज चौदा खोल्या, चौदा पलंग, आणि चादरीचा कोपरा असा मुडपते की पाकिटाच्या झाकणासारखा बसतो.

तर बेत असा आहे. पलंग लावतानाच्या माझ्या सगळ्या हालचाली यंत्रात भरून घ्यायच्या. मग नव्या पोरींनी ते डबडं डोळ्यांवर चढवायचं. त्याला व्हीआर म्हणतात. त्यात खाली बघितलं की स्वतःच्या हातांच्या जागी माझे हात दिसणार, आणि ते जसे हलतील तसे आपले हलवत जायचं. कंपनीची अकरा हॉटेलं आहेत. आधी आठ पोरींवर करून बघायचं, नीट जमलं तर सगळीकडे. आणि मग कंपनीला एक ट्रेनर लागणार. तळमजल्यावर खोली, टेबल आणि खुर्ची. मॅडम म्हणाल्या, "तुमच्याशिवाय कोण आहे मावशी?"

खुर्ची हा शब्द ऐकून मी किती फुलले ते या वहीलाच माहीत असू दे. कंबर हल्ली कुरकुरते. नवव्या खोलीनंतर जास्त. बावन्न वर्षांची कंबर काय गाणं म्हणणार? पण आमच्याकडे कंबरेचं नाव काढायची सोय नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीने गेल्या वर्षी कंपनीच्या डॉक्टरांना खरं सांगितलं आणि महिन्याभरात ती घरी बसली. निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत. तेवढी चौदा पलंगांवर निघणार नाहीत, खुर्चीत निघतील.

डबडंवाल्या बाईने एक तक्ता भरायला दिला. रोज शरीर किती दुखतं, शून्य ते दहा. मी ठसठशीत शून्य लिहिलं.

गुरुवार, ६ मार्च

दोन दिवसांत चाळीस पलंग! अंगाला चिकटून बसणारा काळा पोशाख, त्यावर जागोजागी पांढरी बटणं. आरशात बघितलं आणि म्हटलं, बरं झालं हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये अडकलेत, नाहीतर जन्मभर ऐकवलं असतं.

त्या बाईला मी आता प्रयोगवाली म्हणते. तोंडावर नाही. ती सारखी एकच सांगत होती, "रोज करता तस्संच करा. चांगलं करायला जाऊ नका." मी म्हटलं, "अहो, रोजचंच चांगलं असतं." तिने ते लिहून घेतलं. काहीही बोललं की लिहून घेते, त्यामुळे मीही जरा तोलून बोलते.

तिसावा पलंग झाल्यावर तिने नाक वर करून विचारलं, "इथे बामाचा वास येतोय का?" मी म्हटलं, "लॉन्ड्रीतून येत असेल." लॉन्ड्री दोन मजले खाली आहे. तिने तेही लिहून घेतलं असेल.

सोमवार, १० मार्च

आज मी माझ्या आत गेले. दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगू?

आधी तिने मला बाहेरून दाखवलं. एक करडी बाहुली, नाक नाही, डोळे नाहीत, पलंग लावतेय. चेहरा नसूनही मी तिला लगेच ओळखलं. चादर झटकताना मनगट वळवते ते माझंच. मग तिने डबडं माझ्या डोळ्यांवर चढवलं, दंडावर नि पोटरीवर गोल चकत्या चिकटवल्या आणि मला खुर्चीवर बसवलं. म्हणाली, "काही करायचं नाही. फक्त बघायचं."

खाली बघितलं तर माझे हात मांडीवर नाहीतच. ते पुढे गेलेत, चादर धरतायत, उडवतायत! मी मांडीवर हात ठेवून गप्प बसलेली, मला पक्कं ठाऊक होतं, तरी दंडात ताण यायला लागला. पहिला कोपरा, दुसरा कोपरा. मला घाम फुटला. डबडं काढल्यावर तिने पडदा दाखवला. मी ढिम्म हलले नव्हते, आणि माझ्या स्नायूंच्या रेघा पडद्यावर उड्या मारत होत्या. छातीचे ठोके तर जिना चढून आल्यासारखे. ती म्हणाली, "शरीराला फसवता येतं मावशी. डोळ्यांनी हात पाहिले की त्याला वाटतं, आपलेच आहेत." मी म्हटलं, "ते माझेच होते की!" दोघी खूप हसलो.

तिने बाहुलीची छोटी फिल्म माझ्या फोनवर दिली. घरी ह्यांना दाखवली. हे पंचवीस वर्षं लोकांना गाडी शिकवतायत, त्यामुळे दुसऱ्याच्या हातापायांतल्या चुका काढणं हा ह्यांचा धंदाच आहे. तीनदा बघून म्हणाले, "तिसऱ्या कोपऱ्याला ही डावा गुडघा पलंगावर का टेकते?"

"ती माझी पद्धत आहे."

"आणि उठताना मांडीवर हात दाबते ते?"

"तीही पद्धतच."

"बरं," म्हणाले आणि फोन परत दिला. कौतुकाचा एक शब्द नाही. असे चार नवरे असते तर मी कधीच संन्यास घेतला असता.

शुक्रवार, १४ मार्च

आठ मी! सकाळी मेजवानीच्या रिकाम्या हॉलमध्ये आठ नव्या पोरी, आठ डबडी. समोर पलंग नाही, चादर नाही, नुसती हवा. प्रयोगवालीने बटण दाबलं आणि आठही जणींनी एकदम चादर झटकली. माझं मनगट, आठ वेळा. माझ्या अंगावर काटा आला. जन्मभर बंद दाराआड काम केलं मी. पाहुणा खोलीत शिरायच्या आत बाहेर पडायचं, हीच आमच्या कामाची शोभा. आज पहिल्यांदा माझं काम हॉलभर दिसलं. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही.

डबड्यात माझे हात निळे दिसतात. पोरींचे हात त्यात बरोबर बसले की हिरवे होतात, सुटले की लाल. सात जणी तासाभरात हिरव्या झाल्या. आठवी लालच. ती एवढी उंच आहे की पोरींनी पहिल्या दिवशीच तिचं नाव शिडी ठेवलं. माझे हात तिच्या कोपरापाशी संपतात, मग बसणार कसे? शिवाय तिसऱ्या कोपऱ्याला ती गुडघा टेकतच नाही. सरळ खाली बसते, पाटावर बसल्यासारखी, आणि बसूनच चादर खोचते.

मी म्हटलं, "अगं, पलंग लावायला आलीस की पंगतीला बसायला?"

ती म्हणाली, "मावशी, माझे बाबा कपाटं वाहायचे. मी बरोबर जायचे. ते म्हणायचे, वजन पायांना दे, पाठीला देऊ नको."

"ही चादर आहे, कपाट नाही."

"हो मावशी," म्हणाली, आणि पुढच्या फेरीला पुन्हा बसली. मुळातच हट्टी आहे.

बाकीच्यांनी गुडघ्याचं कारण विचारलं. मी सांगितलं की गुडघ्याने गादी दबते, म्हणून चादर घट्ट बसते, आणि हे कळायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. सांगता सांगता मलाच ते इतकं पटलं की मी त्याला 'गुडघ्याची कळ' असं नावही देऊन टाकलं.

मंगळवार, १८ मार्च

प्रयोगवाली धावत आली, तिचे डोळे नुसते चमकत होते. तिसऱ्या कोपऱ्याला सातही पोरींचा श्वास अडकतो! एकाच क्षणी! पडद्यावर सात रेघा, सातही तिथेच सपाट. श्वास काही डबड्यात दिसत नाही, तो कुणी शिकवलेला नाही. नुसती माझी हालचाल अंगावर घेतली आणि श्वास आपोआप मागे आला. ती म्हणत होती, "हे कुठल्याच रिसर्च पेपरात नाहीये मावशी!" मला पेपरातलं काही कळत नाही, पण सात जणींच्या छातीत माझा श्वास आहे हे ऐकून अंगावर मूठभर मांस चढलं.

आजही तक्त्यात शून्य.

शुक्रवार, २१ मार्च

पूर्वी पोर तयार व्हायला तीन आठवडे लागायचे. या पाच दिवसांत वर आल्या. बुधवारपासून खऱ्या खोल्या, खरे पलंग. मी प्रत्येकीचा कोपरा बोटाने तपासला, सातही पाकिटं! शिडीचा कोपरा बघून रडू येईल, आणि एका पलंगाला ती सहा मिनिटं घेते. मोठ्या मॅडम म्हणाल्या, सोमवारी एकतीस तारखेला वरचे साहेब पत्र देतील. माझं ट्रेनरचं पत्र! मी वाटेत चपलांच्या दुकानात थांबून खुर्चीत बसणाऱ्या बाईला शोभतील अशा चपला बघून आले. घेतल्या नाहीत.

पोरींची मात्र कुरकुर सुरू झालीय. जेवणाच्या सुट्टीत एक म्हणाली, "मावशी, इथे दुखतं," आणि कंबरेच्या डाव्या बाजूला हात ठेवला. दुसरी म्हणाली, "मलापण इथेच." मग सगळ्यांनीच तिथे हात ठेवले, सात जणी एका ओळीत, फोटो काढण्यासारख्या. शिडी निवांत जेवत होती. मी म्हटलं, "नव्या कामाला अंग दुखायचंच. पंधरा दिवसांत मुरेल."

घरची गादी आता बदलायलाच हवी. मलाही नेमकं तिथेच धरतं.

सोमवार, २४ मार्च

काय लिहू.

प्रयोगवालीला कुठूनतरी हॉटेलची जुनी फिल्म मिळाली. नऊ वर्षांपूर्वी चौथा मजला नवा केला तेव्हा मॅडमनी काढलेली. त्यात मी पलंग लावते. तिने मला शेजारी बसवून दाखवली. केस काळे, पोट आत, आणि हालचाल कशी, तर वाऱ्यासारखी. तिसरा कोपरा आला. मी वाकले, खोचलं, उठले. गुडघा नाही. मांडीवर हात नाही. चादर अगदी आजच्यासारखीच घट्ट.

प्रयोगवाली म्हणाली, "बघितलंत? तेव्हा तुमच्याकडे गुडघ्याची कळ नव्हती! ही कधी सुचली तुम्हाला? कौशल्य कसं वाढत जातं ते मला मांडायचंय."

मी म्हटलं, "आठवून सांगते."

आठवायचं काय? गेल्या वर्षी, चारशे अकरामध्ये, तिसऱ्या कोपऱ्याला वाकले आणि कंबरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. गुडघा टेकून, श्वास धरून, मांडीवर हात दाबून उठले. त्या दिवसापासून तसंच करतेय. इतके दिवस केलं की ते दुखण्यामुळे करतेय हेच विसरले, आणि वर त्याला नाव ठेवलं.

त्या सात पोरींना मी पलंग शिकवला नाही. माझी कंबर शिकवली.

हे मला एकटीलाच कळलंय. प्रयोगवाली हुशार आहे, पण तिने कधी पलंग लावलेला नाही.

बुधवार, २६ मार्च

दोन दिवस तोंडाला कुलूप. गप्प बसले तर सोमवारी पत्र हातात. मग अकरा हॉटेलं, शेकडो पोरी, सगळ्यांच्या तिसऱ्या कोपऱ्याला माझा गुडघा. बोलले तर डॉक्टर, आणि डॉक्टरांनंतर घर. मैत्रिणीला तेच झालं. मनात असंही आलं की पोरी तरण्या आहेत, निभावून नेतील. हेही लिहून ठेवते, लपवत नाही. आलं मनात.

आज लिफ्टसमोर ती सगळ्यात लहान पोर दिसली, एकोणीस वर्षांची. ट्रॉली ढकलताना डावीकडे कलून चालत होती. मी रोज सकाळी दुकानाच्या काचेत जी बाई बघते, ती तशीच चालते.

संध्याकाळी भाजी निवडताना ह्यांना सगळं सांगितलं. हे चकित झाले नाहीत, त्याचाच मला राग आला.

"अहो, तुम्हाला माहीत होतं?"

"तू वर्षभर टेबलाला धरून उठतेस. मी आंधळा आहे का?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो. तू म्हणालीस पद्धत आहे." मग म्हणाले, "माझ्या एका बॅचचे सगळे वळणावर मान तिरकी करतात. रस्त्यात गाडी बघून मी सांगू शकतो, हा माझा विद्यार्थी. माझी मान अवघडली होती ना त्या वर्षी, ती त्या बॅचला लागली. अजून तसेच चालवतायत बिचारे."

मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही. विचारलं, "काय करू?"

"ते तू ठरव. पण तक्त्यात शून्य लिहून आलेल्या खुर्चीत तुला स्वस्थ बसता येणार नाही, एवढं मला कळतं. तुझा स्वभाव मी ओळखतो." आणि भाजीतली देठं माझ्याकडे सरकवून टीव्ही लावायला गेले.

गुरुवार, २७ मार्च

सांगून टाकलं.

मोठ्या मॅडमच्या खोलीत, प्रयोगवालीसमोर. आधी तक्ता मागून घेतला आणि सगळे शून्य खोडून सात लिहिले, दोन ठिकाणी आठ. मग चारशे अकरापासूनची हकिकत सांगितली. मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी पेनाचं टोपण मिटलं. मग म्हणाल्या, "मावशी, पत्र आता मला थांबवावं लागेल. डॉक्टरांकडे पाठवावं लागेल." मी म्हटलं, "माहीत आहे."

आणि प्रयोगवाली? ती खुर्चीतून उठून नाचायला लागली! "तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं! मला नाही, पोरींना नाही! तरी त्यांच्या शरीरांनी ते उचललं! श्वासासकट!" मी म्हटलं, "अगं बाई, इथे माझी नोकरी चाललीय आणि तू उड्या मारतेस?" तेव्हा कुठे ती भानावर आली. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मावशी, चूक माझी. मी चाळीस पलंग बघितले, पण तुम्हाला बघितलं नाही." मग सातही पोरींचं डबडं तिने त्याच मिनिटाला बंद करायला लावलं.

घरी येताना वाटलं होतं, छातीवर धोंडा असेल. उलट हलकं वाटत होतं. भीती होती, पण हलकं.

सोमवार, ३१ मार्च

पत्राचा दिवस, आणि मी डॉक्टरांसमोर. मणक्याची एक चकती सरकलीय. ऑपरेशन नको, पण दीड महिना खरा पलंग नाही, वजन नाही. हालचाल करायची, नीट शिकून करायची. मी विचारलं, "नोकरी?" डॉक्टर म्हणाले, "मी फक्त पाठीचं लिहितो." मॅडमनी दीड महिन्यासाठी हॉलमध्ये मदतीला बसवलंय. पुढचं पुढे.

प्रयोगवालीने आता काळा पोशाख शिडीला चढवलाय. शिडीला! जिच्या कोपऱ्याला पाकीट म्हटलं तर पोस्टमन रडेल! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.

बुधवार, २ एप्रिल

आज जे झालं ते उद्यावर टाकवत नाही, बसस्टॉपवरच लिहितेय.

प्रयोगवाली म्हणाली, "मावशी, आता तुम्ही शिडीच्या आत जा." डबड्यातल्या पलंगाला वजन नसतं, डॉक्टरांची हरकत नाही. मी फणकाऱ्यानेच चढवलं. खाली बघितलं तर हे लांबच लांब हात! पहिल्या दोन फेऱ्या लाल, लाल, लाल. माझा गुडघा दर वेळी आपला पुढे. एकदा तर हवेवर टेकला नि मी पडता पडता वाचले. शिडी बाजूला उभी होती. म्हणाली, "मावशी, हातांकडे नका बघू. पाय आधी. पाटावर बसताय असं समजा."

पंगतीला बसले एकदाची. पाय फाकवून, पाठ सरळ, खाली. आणि हात आपसूक कोपऱ्यापाशी आले. उठताना मांड्या भरून आल्या, अशा ठिकाणी ज्या ठिकाणांशी माझी कित्येक वर्षं ओळख नव्हती. आणि श्वास, जो तिथे हमखास अडकायचा, तो फुस्स करून बाहेर गेला. मला स्वतःला ऐकू आला. हात हिरवे!

दहा फेऱ्या केल्या. सहावीनंतर मी कंबरेची वाट बघत होते, आता बोलेल, आता बोलेल. ती गप्प. मी डबड्यातूनच ओरडले, "अगं ए शिडी, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग!" ती म्हणाली, "सांगते मावशी." मग मी डबडं काढलं आणि तिला म्हटलं, "आता इकडे ये, कोपरा कसा मुडपतात ते बघ." तिची लांब बोटं धरून धरून पाकीट शिकवलं. संध्याकाळपर्यंत तिसरं पाकीट बऱ्यापैकी जमलं.

बस आली. मी पायरी उजव्या-डाव्या पायाचा विचार न करता चढले.

गुरुवार, १० एप्रिल

पोरींची माफी मागायची होती. आठवडाभर टाळलं, आज मागितली. सातही जणींना हॉलमध्ये बसवून म्हटलं, "ती गुडघ्याची कळ काही युक्ती नव्हती, माझं दुखणं होतं. मी लपवलं आणि ते तुम्हाला लागलं. चुकलं माझं." मग ती एकोणीस वर्षांची म्हणाली, "म्हणजे आमच्या कंबरा ठीक आहेत?" मी म्हटलं, "तुमच्या अगदी नव्या आहेत गं!" तिचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला. डॉक्टरांनीही सगळ्यांना तपासून तेच सांगितलंय, सवय मोडली की जाईल.

सवय मोडणं सोपं नाही. डबड्यातून जे तासाभरात अंगात शिरलं, ते पंधरा दिवस झाले तरी निघत नाही. म्हणून आज डबडी बाजूला ठेवली. मी पुढे उभी राहिले, हवेत पलंग लावत, आणि त्या माझ्यामागे. चादर झटकली. पहिला कोपरा, बसलो. दुसरा कोपरा, बसलो. शिडी मागून मोजत होती. तिसऱ्या कोपऱ्याला मी ऐटीत वळले आणि सातही जणी एकदम किंचाळल्या, "मावशी, गुडघा!"

माझाच होता. हवेत, अर्ध्यावर उचललेला. त्यांच्यातली एकही चुकली नव्हती. आम्ही इतक्या हसलो की मोठ्या मॅडम बघायला आल्या. मी गुडघा खाली ठेवला, बसले आणि खोचलं.

शुक्रवार, २५ एप्रिल

आज पत्र मिळालं. तीन महिन्यांसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या अटीवर, आणि एकटीला नाही, शिडी नि मी अशा दोघींना. मॅडम म्हणाल्या, "कायम करेन असं आज लिहून देऊ शकत नाही." मी म्हटलं, "मॅडम, तीन महिनेही खूप आहेत." खोलीत खुर्ची एकच आहे, आळीपाळीने बसणार आहोत. पोरींच्या कंबरेचं दुखणं उतरलं. एक अजून सकाळी कुरकुरते, तिला मी रोज विचारते, आणि तीही खरं सांगते. मैत्रिणीलाही फोन केला, जी घरी बसलीय तिला. तिच्यासाठी मॅडमकडे शब्द टाकणार आहे.

नव्या हालचाली यंत्रात भरून झाल्या, पाय शिडीचे आणि कोपरे माझे. जुन्या आज पुसायच्या होत्या. प्रयोगवालीने तिच्या अभ्यासापुरते आकडे ठेवले, पण बाहुली कुणाच्या हाती लागायला नको, म्हणून ती कायमची जाणार. मी म्हटलं, "एकदा आत जाऊन येऊ का?"

चकत्या नाहीत, खुर्ची नाही, नुसती उभी राहिले. माझे जुने हात पुढे गेले. चादर उडाली, काय सुंदर उडाली! पहिला कोपरा, दुसरा. तीन आठवडे माझी कंबर गप्प होती. आणि तिसऱ्या कोपऱ्याला गुडघा वर आला तेव्हा माझा श्वास अडकला आणि कंबरेत तिथेच, डावीकडे, ती कळ आली. मला काही झालेलं नव्हतं. तिला झालेलं होतं. चाळीस पलंग तिने असे लावले होते, हसत, गप्पा मारत, बामाच्या वासावर थापा मारत. तेव्हा मी तिच्यातच होते, तरी मला कधी कळलं नव्हतं की तिला एवढं दुखतंय. मला तिची इतकी दया आली की मी मोठ्याने बोलून गेले.

"बस गं जरा," म्हटलं. "आता सगळ्यांना माहीत आहे."

बाहुली काही बसली नाही, तिला तेवढंच येत होतं. ती उठली, चौथा कोपरा खोचला, उशा नीट केल्या. मी तिचा पलंग पूर्ण होऊ दिला. मग डबडं काढलं, प्रयोगवालीला बाजूला व्हायला सांगितलं आणि बटण मी स्वतः दाबलं.